वरची सिस्टर

“मॅडम, हसा. नाही नाही, इतकं नाही.”

फोटोग्राफरने कॅमेरा पुन्हा खाली घेतला. कुलसुमचं हसणं ओठांवर थांबणारं नव्हतंच. एकदा सुरू झालं की खांदे हलायचे, डोळे मिटायचे आणि शेवटी पदराने डोळे टिपावे लागायचे. गोव्याच्या हॉटेलच्या हिरवळीवर, मागे पांढरा पडदा लावून, एक दाढीवाला पोरगा आपल्याला हसायला शिकवतोय, याचंच तिला जास्त हसू येत होतं.

“आणि ह्या हातांचं काय करू रे बाबा?”

“हो, हात मोकळे विचित्र दिसतायत,” फोटोग्राफर म्हणाला.

शेजारी उभ्या असलेल्या, कंपनीच्या सलिल बर्वेने टेबलावरचा पिवळा डबा उचलून तिला दिला. “हा धरा मॅडम. हातांना काहीतरी काम.”

डबा कसा धरायचा हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. ज्या हातांनी ती जन्मभर दुसऱ्यांची बाळं उचलत आली होती, त्या हातांनी तो आपोआप कोपराच्या खोबणीत घेतला, खालून तळव्याचा आधार दिला आणि मान किंचित कलती करून ती त्याच्याकडे बघून हसली. बेताचं, गोड हसली.

“बस! हेच!” कॅमेरा खटखट वाजला.

तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो होता. त्याआधीचे म्हणजे ओळखपत्रावरचा एक आणि निकाहातला एक. निकाहातल्यात ती दिसतच नव्हती.

कुलसुम सोलकर हातखंब्याच्या अलीकडच्या एका आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका म्हणून लागली होती आणि आता, निवृत्ती दिसू लागली असताना, सहायिका झाली होती. लोकांच्या लेखी दोन्हीचा अर्थ एकच, सिस्टर. राहायला रत्नागिरीत राजिवड्याला. सकाळी एस्टीने जायचं, संध्याकाळी एस्टीने यायचं. मुलगी लग्न होऊन कुवेतला गेलेली. नवरा अस्लम बोटीवरची नोकरी संपवून घरी बसला होता. म्हणजे बसला नव्हता. जुन्या एम-एटी गाडीवरून गावभर हिंडून मासळीचे भाव विचारायचा आणि घ्यायचा काही नाही.

सलिल त्यांच्या आयुष्यात आला तो २००५च्या उन्हाळ्यात. पुण्याचा मुलगा, ‘गुट्टू’ नावाची पौष्टिक पावडर बनवणाऱ्या कंपनीत. पहिल्याच दिवशी त्याने लसीकरणाच्या खोलीबाहेर बूट काढून ठेवले. साहेबलोक जिथे चिखलाचे बूट घेऊन आत येत, तिथे हे नवलच. त्यातून तो तिला ‘मॅडम’ म्हणाला. आणि मग त्याने विचारलं, “मॅडम, तुमच्या कामात अडचण कसली येते?”

हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता.

“काटा,” ती म्हणाली. “बाळाचा वजनकाटा. स्प्रिंग गेलीय. वारा आला तरी पोर जाड होतं.”

पंधरवड्यात नवा कोरा इलेक्ट्रॉनिक काटा आला. कडेला गुट्टूच्या हत्तीचं एक लहानसं चित्र, बस. कुलसुमने त्याच्यावर आधी नारळ ठेवून बघितला, मग हातखंब्याच्या तिठ्यावरच्या श्रीपतशेटच्या दुकानातली मापं आणून एकेक ठेवून बघितली. काटा खरं बोलत होता. त्या दिवसापासून सलिल तिच्या घरचा झाला. तो आला की अस्लम स्वतः बांगडे तळायला बसायचा.

म्हणून गोव्याच्या ‘पोषण परिसंवादा’चं बोलावणं आलं तेव्हा तिने फार विचार केला नाही. केंद्राच्या डॉक्टर सुनेत्रा केतकर तर म्हणाल्या, “जा की सिस्टर. मला दरवर्षी बोलावतात. त्या निमित्ताने दोन दिवस झोप तरी होते.” त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर, पेन ठेवायचा डबा, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांवर तोच हत्ती होता. इतके दिवस कुलसुमला तो दिसलाही नव्हता.

परिसंवादात खोटं कोणी काही बोललं नाही. मुलांना प्रथिनं लागतात, लोह लागतं, हे तीही वाड्यावाड्यांवर सांगतच होती. फक्त प्रत्येक भाषणाच्या शेवटी पडद्यावर पिवळा डबा यायचा. शेजारी सांगलीची एक आहारतज्ज्ञ बसली होती. ती कानाशी लागून म्हणाली, “मी तिसऱ्यांदा येतेय हो. भाषणं तीच असतात, जेवण बदलतं.” दोघी इतक्या हसल्या की पुढच्या रांगेतल्या डॉक्टरांनी वळून बघितलं.

गणपतीच्या तोंडावर, मुंबईच्या गाड्यांची रीघ लागलेली असताना, हातखंब्याच्या तिठ्यावर तो बोर्ड चढला. लोखंडी सांगाड्यावर ताणलेलं फ्लेक्स. त्यावर कुलसुम, कवेत डबा, आणि बाजूला मोठ्या अक्षरांत, ‘आमच्या सिस्टर म्हणतात, पोषणात तडजोड नाही!’ कोपऱ्यात मुंगीएवढी एक ओळ होती. ती खालून वाचायची तर दुर्बीण लागली असती.

अस्लम एम-एटीवर बसून खास बघायला गेला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून बघत बसला. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवून थकला.

“कुलसुम,” घरी येऊन तो म्हणाला, “तू तर एस्टीपेक्षा मोठी झालीस गो!”

एस्टीतले कंडक्टर तिला चिडवू लागले. “सिस्टर, तुमचं तिकीट वरच्या सिस्टरने काढलंन.” बघता बघता तिच्या दोन सिस्टर झाल्या, वरची आणि खालची. तिला हे सगळं आवडत होतं. येता-जाता ती मान न वळवता, नुसते डोळे वर करून बघून घ्यायची. त्यात कंपनीने कळवलं की जानेवारीत मुंबईला मोठ्या हॉटेलात तिला ‘पोषणसखी’ पुरस्कार द्यायचा आहे, यजमानांनाही घेऊन यावं. अस्लमने तिच्याआधी जाऊन सफारीचं माप दिलं.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी काशी आपल्या मुलीला घेऊन आली. काशी आणि तिचा नवरा रघू चिऱ्याच्या खाणीवर काम करायची, खाणीच्या कडेलाच झोपडी. मुलगी चिमी, अजून वर्षाचीही नव्हती. कुलसुमने तिला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, तिला उचललं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवलं. आकडा तोच. मागच्या खेपेपेक्षा चांगलाच कमी.

“काटा बिघडला काय, सिस्टर?” काशीने विचारलं.

“काटा नाय बिघडला. काय खायला घालतेस हिला?”

काशीचा चेहरा खुलला. “आता काय काळजी नाय. डबा सुरू केलाय. तुमचावाला.”

“माझा कुठला डबा?”

“तो तिठ्यावरचा. ह्यांनी कोंबडी विकलानी नि आणलानी.”

“अंडी देणारी?”

“व्हय. तीच तर विकली जाते,” काशी समजावून सांगत म्हणाली. “पुरवून पुरवून घालते. बाटलीभर पाण्यात एक चमचा.”

“नि अंगावर पाजतेस ना?”

“तोडलं. डबा असताना कशाला? खाणीवर जायला पन बरं पडतं.”

“अगो, पेज? नाचणीचं सत्त्व? मी तुला चुलीपाशी बसून शिकवलेलं?”

काशी लाजली. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत म्हणाली, “ता गरिबाचा, सिस्टर. तुमीच वर डबा धरलायत. वाडगा कुटं धरलायत?”

कुलसुमने सांगितलं, की ती पावडर दोन वर्षांवरच्या पोरांसाठी असते, तसं डब्यावर लिहिलेलं असतं, बोर्डावरही लिहिलंय.

“मला कुटं वाचता येतं?” काशी म्हणाली. “मी फोटो बघितला.”

चिमी रडत नव्हती. रडायची ताकद कमी झाली की पोरं शहाणी दिसायला लागतात, तशी ती शहाण्यासारखी काट्यावर पडून होती. कुलसुमने तिला उचलून छातीशी घेतलं आणि बाहेर थांबलेल्या बायकांना विचारलं, “अजून कोणी कोणी डबा आणलाय?” बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग एक हात वर झाला, मग आणखी दोन, मग मागून एक. सगळ्या हसत होत्या. सिस्टर खूश होतील असं त्यांना वाटलं होतं.

डॉक्टर केतकरांनी चिमीला तपासलं, औषध लिहून दिलं आणि कुलसुमचं बोलणं ऐकून घेतलं.

“पण सिस्टर, डब्यावर स्पष्ट लिहिलेलं आहे ना? कंपनीने काही चोरून ठेवलेलं नाही.”

“मी कुठे कंपनीला दोष देतेय? फोटो माझा हाय, बाई.”

दारापर्यंत गेल्यावर कुलसुमने मागे बघितलं. डॉक्टर पेनांचा डबा हातात घेऊन हत्तीकडे बघत बसल्या होत्या.

सलिलला तिने घरी बोलावलं. चहाचा कप हातात धरून तो सगळं ऐकत राहिला. बांगडे त्या दिवशी नव्हते.

“बोर्ड मार्चपर्यंत बुक झालाय मॅडम. उतरवणं माझ्या हातात नाही. खरं सांगू? ह्या पट्ट्यातला खप तुमच्या फोटोमुळेच वाढलाय.”

“मग खाली दोन ओळी मोठ्या अक्षरांत लाव. लहान पोरांना नको म्हणून. अंगावरचं तोडू नका म्हणून.”

“वरचे नाही ऐकणार.”

“तुझ्या घरात लहान मूल हाय?”

“बहिणीचं आहे. आठ महिन्यांचं.”

“त्याला काय घालता?”

सलिल कपात बघत राहिला. “आई घालते… खिमट.”

“कसलं?”

“तांदूळ आणि मूगडाळ भाजून, दळून,” तो म्हणाला, आणि त्यालाच हसू फुटलं. कुलसुमही हसली, पण ह्या खेपेस खांदे हलले नाहीत. जाताना तो उंबऱ्यावर घुटमळला. “मॅडम, तो काटा मात्र मी मनापासून आणला होता.”

“माहीत हाय मला. काटा मी परत देणार पण नाय.”

तो गेल्यावर ती ओट्यावर बसून राहिली. अस्लम बराच वेळ इकडून तिकडे फिरला. शेवटी शेजारी येऊन बसला.

“आमच्या बोटीवर एकदा होकायंत्र चुकीचं दाखवायला लागलं. भर समुद्रात ते बदलणार कोण?”

“मग काय केलंत?”

“त्याच्या बाजूला माणूस उभा केला. ह्याच्याकडे बघू नका रे, असं ओरडायला.”

कुलसुमने त्याच्याकडे बघितलं. एवढ्या संसारात त्याच्या बोटीच्या गोष्टींचा असा उपयोग कधी झाला नव्हता.

पुढच्या बुधवारी लसीकरण आटोपल्यावर ती काटा घेऊन रिक्षात बसली आणि तिठ्यावर उतरली. बोर्डाखाली जागा झाडली. श्रीपतशेटच्या दुकानात जाऊन म्हणाली, “शेट, बाकडं द्या.”

श्रीपतशेटने दुकानातल्या पिवळ्या डब्यांच्या रांगेकडे बघितलं, मग तिच्याकडे. “सिस्टर, गरिबाच्या धंद्यावर का उठलाव?”

“नाचणी ठेवता ना तुम्ही? मूगडाळ?”

“ठेवतो.”

“मग धंदा वाढेल. बाकडं द्या नि स्टोव्ह पण.”

तिने बाकड्यावर काटा मांडला, स्टोव्हवर नाचणीचं सत्त्व शिजायला ठेवलं आणि बोर्डाकडे पाठ करून उभी राहिली. तिठ्यावर माणसांना तोटा नसतो. रत्नागिरीच्या गाडीची वाट बघणाऱ्या, खाणीवरून परतणाऱ्या, आठवड्याचा बाजार करून आलेल्या बायका थांबायच्या, वर बघायच्या, खाली बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या.

“काय बघताव?” कुलसुम ओरडली. “मीच हाय ती. वरची काय सांगते ता ऐकू नका, खालची सांगते ता ऐका! ती नुसती हसते. मी पोराचं वजन करून देते.”

पहिल्या दिवशी गर्दी जमली ती गंमत बघायला. एस्टीच्या खिडक्यांतून लोक माना काढून बघत होते. पण गर्दीत कडेवर पोरं होती, आणि काटा होता. एकीने ठेवलं, मग दुसरीने. सत्त्वात अंड्याचा बलक कसा घालायचा, मऊ भातावर चमचाभर तेल का सोडायचं, कामावरून आल्यावर पोराला आधी अंगावर का घ्यायचं, हे ती हातवारे करून सांगायची, नकला करून सांगायची. पावडर पाण्यात ढवळणाऱ्या बाईची नक्कल ती अशी करी की डबा घेतलेल्या बायकाच जास्त हसायच्या. बुधवारचा तिठा म्हणजे जत्राच होऊ लागली. श्रीपतशेटने दुकानाबाहेर पाटी लावली, ‘खालच्या सिस्टरची नाचणी मिळेल.’ पिवळे डबे वरच्या फळीवर गेले.

काशीच्या झोपडीत ती संध्याकाळची गाडी चुकवून जायची. दूध परत येईल, घाबरू नको, घेत राहा, म्हणून बसायची. काशी रडली, कंटाळली, एकदा सिस्टरवर ओरडलीही. मग दूध आलं. एका बुधवारी चिमी काट्यावर ठेवल्याबरोबर मोठ्याने किंचाळली. कुलसुम म्हणाली, “हां! आता कशी भांडखोर झाली!” आणि आकडा बघायच्या आधीच तिने काशीला टाळी दिली.

एकदा वरच्या ऑफिसातले साहेब जीप घेऊन तिठ्यावर आले. कंपनीने तक्रार केली होती.

“सिस्टर, तुम्ही इथे कोणाच्या परवानगीने बसता?”

“ज्यांच्या परवानगीने मला वर टांगलंय, त्यांच्याच,” कुलसुम म्हणाली.

साहेबांनी वर बघितलं. तेवढ्यात केंद्राकडून डॉक्टर केतकर स्कूटरवरून आल्या. त्यांनी हेल्मेट काढलं आणि शांतपणे सांगितलं, “साहेब, ही आमच्या केंद्राची बाहेरची वजन तपासणी आहे. मी नेमून दिलीय.” त्यांनी ती कधीच नेमून दिली नव्हती. साहेबांनी दोघींकडे बघितलं, वाडगाभर सत्त्व खाल्लं, साखर कमी आहे म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

पुरस्कार अर्थातच दुसऱ्या कोणाला तरी मिळाला. त्याबद्दल कंपनीकडून एक ओळही आली नाही. सलिलची बदली नागपूरला झाली, असं त्याने फोनवर सांगितलं. आवाज उतरलेला होता, पण शेवटी म्हणाला, “मॅडम, भाचा आता चालायला लागला.” अस्लमने शिवून आलेली सफारी घरात घालून बघितली, आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “काय हरकत नाय. भाचीच्या लग्नात घालीन.” कुलसुम आत जाऊन भांडी घासायला लागली. मुंबईचं ते हॉटेल कसं असेल, हे तिने मनात पुष्कळदा बघून ठेवलं होतं. जिना सुद्धा ठरवून ठेवला होता.

मार्चमध्ये दोन माणसं शिडी घेऊन आली. बुधवारच होता. त्यांनी वरून दोऱ्या सोडल्या आणि फ्लेक्स एका बाजूने लोंबकळलं, मग धप्पकन खाली आलं. त्या जागी नवं चढलं. कुठल्या तरी शहरातली, पांढऱ्या कोटातली तरुण डॉक्टरीण, दात सुरेख, हातात डबा. तिला डबा नीट धरता आला नव्हता. शाळेचं बक्षीस धरतात तसा धरला होता.

“मावशी, हे जुनं पायजे काय?” फ्लेक्स गुंडाळत एकाने विचारलं.

कुलसुमने उत्तर द्यायच्या आत रघू पुढे झाला. तो काशीला न्यायला आला होता. “मला द्या. झोपडीवर घालतो. पाऊस येल आता दोन महिन्यांत.”

“ने,” कुलसुम म्हणाली, आणि पुढचं पोर काट्यावर घेतलं. बायका नव्या बोर्डाकडे बघत होत्या.

“सिस्टर, आता वरची कोन?”

“कोण जाणे. पण खालची तीच हाय. चला, रांगेत या.”

जूनच्या आरंभी ती काशीकडे गेली. काटा तिने सोबत नेला होता, कारण बुधवारी तिठ्यावर यायला काशीला खाणीवरून सुट्टी मिळाली नव्हती. झोपडीत वाकून शिरली आणि सरळ उभी राहताना तिला वर काहीतरी हसल्यासारखं दिसलं. रघूने फ्लेक्स घातलं होतं ते छपाई आतल्या बाजूला करून. वाशांच्या मधून, सगळ्या छपराएवढी, ती स्वतः खाली बघत होती. डब्याकडची कड छपराबाहेर जात होती म्हणून पिवळ्या डब्यासकट कापून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली होती. कोपराची खोबण तेवढी रिकामी राहिली होती, आणि खाली बरोबर तिथेच चिमीचं गोधडीचं अंथरूण होतं.

कुलसुम बघत उभी राहिली.

काशी संकोचली. “उलटा लावूया काय सिस्टर? छपाई भायेर?”

“नको गो,” कुलसुम म्हणाली. “बाहेर तिने पुष्कळ ऊन खाल्लंन.”

तिने सारवलेल्या जमिनीवर काटा मांडला, शून्यावर आणला आणि चिमीला त्यावर बसवलं. चिमी बसेना. तिने सिस्टरच्या पदराला घट्ट धरलं, जोर केला आणि काट्यावरच उभी राहिली. आकडा डावीउजवीकडे पळू लागला.

“थांब गो, ठरू दे जरा,” कुलसुम म्हणाली. पण पदर तिने सोडवून घेतला नाही.